लेखनाची पहिली कमाई, आणि नंतरची

खिडकीपाशी:
दिवाळीआधी माळा काढला. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरचं कुपन सापडलं. 75 रुपये, मार्च 1996. खाली निळ्या शाईत 'लेखाचे मानधन' एवढंच. बारावीत होते, आजीच्या वाळवणांवर एका पुरवणीत लिहिलं होतं. पोस्टमनकाकांनी ओटीवर बसून पैसे मोजून दिले. आईने ते देवापुढे ठेवले आणि संध्याकाळी शिरा केला.
आता एका ॲपसाठी लिहिते. सात तारखेला मोबाइल वाजतो, पैसे जमा. घर त्यावर चालतं, अभिमान आहेच त्याचा. पण ते कुपन हातात घेऊन बराच वेळ शिडीवरच बसून राहिले.
तुम्ही का लिहिता? पहिले पैसे कसले मिळाले? लिहा ना.

कोकमसार:
माझं पाकीट! पाककृती लिहिते, जाहिरातींचे पैसे मिळतात. 10 डॉलर झाले की पत्ता पडताळायला गूगल पिन पोस्टाने पाठवतं. आमच्या वाडीत ते आलं तेव्हा पोस्टमन बेड्यातूनच, म्हणजे फाटकातूनच, ओरडला, "वहिनी, तुमचा कायतरी इला!" 100 डॉलर होईपर्यंत खात्यात काही येत नाही. मला एकोणीस महिने लागले. मिक्सर घेतला त्यातून.
सासूबाईंचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं लिहिलंय. त्या गेल्या, पण अजून कुणी ना कुणी ते करतं आणि मला कळवतं. त्यासाठी लिहिते.

रात्रपाळी:
भाषांतर करतो. शब्दामागे 80 पैशांनी सुरुवात केली, सव्वा रुपयापर्यंत गेलो. आता मशीनचं भाषांतर पाठवतात, "फक्त नजर टाका", दर निम्म्याहून कमी. मागच्या आठवड्यात बँकेच्या मजकुरात व्याजाची 'आवड' झाली होती. "तुमची आवड दर तिमाहीला जमा होईल." नव्याने लिहायला लागेल तेवढाच वेळ जातो. वर बिलाचे पैसे दोन-दोन महिने येत नाहीत. घराचा हप्ता थांबत नाही. राग येतो खरंच.

खिडकीपाशी:
अरे दादा... तपासणीचे पैसे तासावर माग. आणि आधी मेलवर लेखी घे. मी तेच करते.

शाईपेन:
रात्रपाळी, 10 टक्के टीडीएस कापतात ना? रिटर्न भरता का? उत्पन्नावर कर बसत नसेल तर परत मिळतो. 26एएस फॉर्म बघा, कापलेला कर त्यात दिसतो. मी पहिल्या वर्षी भरलंच नाही, पैसे बुडाले.

रात्रपाळी:
नाही भरलं. आज रात्रीच बघतो. थँक्यू.

उंबरठा:
का. र. मित्रांनी 1909 ला 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची आपली ही परंपरा. फार जीव आहे माझा त्यावर. एका अंकात कथा छापून आली, पण ना मानधन ना अंक. शेवटी स्टॉलवर जाऊन विकत घेतला. अनुक्रमणिकेत नाव बघून तिथेच डोळे भरले. पुढच्या वर्षी परत कथा मागितली तेव्हा मानधनाचं विचारलं. फोनच बंद झाले त्यांचे. हे चूक आहे. लिहिणाऱ्याचेही कष्ट असतात.

पारावर:
माझं पैशासाठी नाही. सौ.चं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. बाहेरच्या बाकावर मोबाइलवर लिहायचो. तिच्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) होता तिथे बोटं ठेवली की आत कुणी गुणगुणतंय असं वाटायचं, तेही लिहिलं. ती गेली, लिहिणं राहिलं. परवा लातूरच्या एका ताईंनी कळवलं, "वडिलांचा हात धरला आणि ती गुणगुण मलाही लागली."

कोकमसार:
काका 🙏 काय लिहू, सुचत नाही.

फलाट_चार:
बदलापूर ते दादर, उभ्याने. प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर भयकथा लिहितो. वर्गणीदार वाचकांचे पैसे येतात त्यात मुलीच्या क्लासची फी निघते, नोकरी सोडण्याइतके नाहीत. भागाला एक दिवस उशीर झाला की साताऱ्याच्या एका आजींचा मेसेज येतो, "बरा आहेस ना बाळा?" मग कितीही दमलेलो असलो तरी लिहितो.
कुपनावरून आठवलं. वडील गिरणीत होते, गावी आजीला मनीऑर्डर करायचे. कुपनावर तेवढ्याशा जागेत "सर्व ठीक. पाऊस झाला का?" आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायचे. ती दोनदा वाचायला लावायची.

खिडकीपाशी:
दोनदा! हे वाचून परत कुपन काढलं बाहेर.
कोकमसार, पुण्यात तिरफळं कुठे मिळतील गं? रविवारी तिखलं करीन म्हणते.

कोकमसार:
कोकणी मालाच्या दुकानात माग, सुकी मिळतील. आतली काळी बी काढून टाक, टरफलंच घे. जरा ठेचून घाल, वाटू नकोस.