मॉकमध्ये मॅथ्सला ५८ टक्के आलेत. आता मेपर्यंत अभ्यास कसा करून घ्यावा?

बर्कशायरची_आई

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलगा इयर ११मध्ये आहे, मेमध्ये जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी बोर्डाची परीक्षा. मॉक्सचे, म्हणजे शाळेतल्या सराव परीक्षांचे, निकाल हातात आलेत. मॅथ्स एडेक्सेल बोर्डाचं, हायर म्हणजे अवघड पातळीचं, २४० पैकी १३९, म्हणजे ५८ टक्के, शाळेने ६ ग्रेड दिली (९ सगळ्यात वरची). सायन्स एक्यूए बोर्डाचं ट्रिलॉजी (बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स मिळून दोन ग्रेड), ५-५. इंग्लिश लँग्वेज आणि लिटरेचर दोन्ही एक्यूए, दोन्हींत ५. त्याला ए-लेव्हलला (अकरावी-बारावीसारखा पुढचा टप्पा) मॅथ्स आणि फिजिक्स घ्यायचंय. सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे जिथे ए-लेव्हल शिकतात तिथली, अट मॅथ्सला ७ आणि सायन्सला ६-६ अशी आहे.

बसतो रोज तीन तास. पुस्तक वाचतो, नोट्स रंगीत पेनांनी सुरेख काढतो, पण पेपरात ते उतरत नाही. आम्ही दोघेही महाराष्ट्रातून दहावी झालेलो, त्यामुळे इथली परीक्षा नेमकी काय मागते हे कळत नाही. ५८ टक्के पाहून तर धडकीच भरली. हायरऐवजी फाउंडेशनला, म्हणजे सोप्या पातळीला, बसवणं शहाणपणाचं ठरेल का? आणि इंग्लिशमध्ये आम्ही घरी काय मदत करू शकतो?

पाटी_पेन्सिल

ताई, आधी फाउंडेशनचा विचार मनातून काढून टाका. फाउंडेशनला जास्तीत जास्त ५ मिळते, म्हणजे ए-लेव्हल मॅथ्सचं दार तिथेच बंद. शाळा नावं बोर्डाकडे २१ फेब्रुवारीपर्यंत पाठवतात, तेव्हा टिअरबद्दल (हायर की फाउंडेशन) काही शंका असेल तर या आठवड्यातच शिक्षकांना ईमेल करा.

दुसरं म्हणजे टक्के दहावीच्या फूटपट्टीने मोजू नका. इथे किती मार्कांना कोणती ग्रेड हे दरवर्षी पेपर तपासून झाल्यावर ठरतं. हायर मॅथ्सला ४ ग्रेड साधारण एक पंचमांश मार्कांवर मिळते आणि ७ची रेघ बहुतेक वर्षी ५५ ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात असते. म्हणजे तो रेघेच्या अगदी काठावर आहे. त्याला १३९वरून १५२-१५५पर्यंत न्यायचं, की वर्ष कठीण असो वा सोपं, थोडी मोकळी जागा राहते. हिशेब केला तर तीनपैकी प्रत्येक पेपरात पाच मार्क वाढवायचे आहेत.

हे पाच मार्क बहुधा शेवटच्या अवघड प्रश्नांत नसतात. ८० मार्कांचा पेपर, ९० मिनिटं, आणि प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. पहिल्या अर्ध्या भागात फाउंडेशनच्या पेपरातलेही काही प्रश्न असतात, आणि मार्क तिथेच गळतात. उदाहरण घ्या. २० टक्के सवलतीनंतर किंमत ६० पाउंड, मूळ किंमत किती? मुलं ६०चे २० टक्के काढून मिळवतात आणि ७२ लिहितात. खरं म्हणजे ६० ही मूळ किमतीच्या ८० टक्के आहे, म्हणून ६० भागिले ०.८, उत्तर ७५. दुसरी गळती मधल्या पायरीत आकडा राउंड केल्याने होते. कॅल्क्युलेटरवरचं पूर्ण उत्तर आन्स बटणाने पुढे न्यायचं, राउंड फक्त शेवटी.

पद्धत अशी ठेवा. आठवड्यात एक पूर्ण पेपर, वेळ लावून, काळ्या पेनने. ९० मिनिटं झाली की पेन बदलून हिरवं घ्यायचं आणि उरलेलं सोडवायचं. त्यामुळे काय येत नाही आणि काय वेळेअभावी राहिलं हे वेगळं दिसतं. मग बोर्डाची मार्क स्कीम घेऊन त्यानेच तपासायचं. त्यात एम म्हणजे पद्धतीचा मार्क, ए म्हणजे त्या पद्धतीने आलेल्या बरोबर उत्तराचा, बी म्हणजे पद्धतीशी न जोडलेला सुटा मार्क. चार मार्कांच्या प्रश्नात उत्तर चुकलं पण पायऱ्या कागदावर असल्या तर दोन-तीन मार्क हाती लागतात. नुसतं चुकीचं उत्तर लिहिलं तर शून्य. 'सिद्ध करा' प्रकारच्या प्रश्नात पायऱ्यांशिवाय बरोबर उत्तरालाही काही मिळत नाही. सर्कल थिअरम्समध्ये (वर्तुळाच्या प्रमेयांत) कारण पूर्ण वाक्यात, बोर्डाच्या शब्दांत लिहावं लागतं.

प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक शेरा: विषयच येत नाही, येत होतं पण घसरलो, प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या प्रकारासाठी कॉर्बेटमॅथ्स या वेबसाइटवर त्या टॉपिकचा व्हिडिओ आणि आठ-दहा गणितं पुढच्या दोन दिवसांत. आठवड्याने मूळ प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा. हा शेवटचा टप्पा बहुतेक घरांत गाळला जातो, म्हणून तीच चूक मेमध्ये पुन्हा होते.

कोणते पेपर घ्यायचे? नव्या ९ ते १ पद्धतीचे मॅथ्सचे पेपर २०१७पासूनचे आहेत. २०२० आणि २०२१च्या उन्हाळ्यात परीक्षा झाल्या नाहीत, पण त्या दोन्ही वर्षांचे नोव्हेंबरचे पेपर आहेत आणि ते बऱ्याच मुलांनी पाहिलेले नसतात. सगळ्यात अलीकडचा पेपर मात्र घरी करून घेऊ नका. शाळा तो पुढच्या मॉकसाठी राखून ठेवतात. आधी पाहिलेला असला तर त्या मॉकला अर्थ उरत नाही. क्वाड्रॅटिक फॉर्म्युला, साइन आणि कोसाइन रूल २०२७पर्यंत परीक्षेत छापून देतात. सरावाच्या वेळीही तोच कागद समोर हवा.

गणवेश_आणि_डबा

वरच्या उत्तराशी सहमत. मी सायन्सचं सांगतो.

ट्रिलॉजीत सहा पेपर, प्रत्येकी ७० मार्क आणि सव्वा तास. तिन्ही विषयांचे पेपर १ मेमध्ये आटोपतात, पेपर २ बहुतांशी जूनमध्ये येतात आणि मध्ये मेअखेरचा हाफ टर्म (शाळेची आठवड्याची सुट्टी) असतो. म्हणून आत्ता सगळं समान वाटून अभ्यास करू नका. ईस्टरपर्यंत दोन्ही भाग एकदा फिरवायचे, ईस्टरनंतर पेपर १चंच, आणि हाफ टर्म पूर्ण पेपर २ला. फिजिक्सचं पाहा: एनर्जी, इलेक्ट्रिसिटी, पार्टिकल मॉडेल, ॲटॉमिक स्ट्रक्चर पहिल्या पेपरात, फोर्सेस, वेव्ह्ज, मॅग्नेटिझम दुसऱ्यात.

रंगीत नोट्स आता थांबवा. त्या काढताना पुस्तक उघडं असतं, त्यामुळे आठवण्याचा सराव होतच नाही. त्याऐवजी पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत एका टॉपिकचं आठवेल ते सगळं लिहायचं. मुलं याला ब्लर्टिंग म्हणतात. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने भरायचं. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी तोच टॉपिक. लाल शाई कमी होत गेली पाहिजे. तुम्हाला विषय येत नसला तरी लाल शाई किती आहे हे दिसतंच, तेवढंच बघा.

किमान १५ टक्के मार्क प्रयोगांवर असतात. ट्रिलॉजीत असे २१ रिक्वायर्ड प्रॅक्टिकल्स आहेत. वाचून 'हो, आठवतंय' म्हणणं पुरत नाही, कारण प्रश्न 'का' वर येतो. बटाट्याच्या तुकड्यांचा ऑस्मोसिसचा प्रयोग घ्या. वजनातला बदल टक्क्यांत का काढतात? कारण सगळ्या तुकड्यांचं सुरुवातीचं वजन सारखं नसतं. वजन करण्याआधी तुकडे टिपकागदाने का टिपायचे? वर राहिलेलं पाणी वजनात मोजलं जाऊ नये म्हणून. आणि व्याख्येत पाणी पातळ द्रावणाकडून संहत (जास्त गाढ) द्रावणाकडे जातं यासोबत 'पार्शली पर्मिएबल मेम्ब्रेन' (अर्धपारगम्य पडदा) हे शब्द आलेच पाहिजेत. ते नसले तर मार्क जातो.

फिजिक्सच्या गणितांत सूत्रं छापून मिळतात, तरी मार्क जातात ते युनिटमुळे. ५०० ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायचंय, किटली २ किलोवॉटची, वेळ किती? ०.५ गुणिले ४२०० (पाण्याची विशिष्ट उष्माधारकता) गुणिले ८० म्हणजे १,६८,००० ज्यूल. भागिले २००० वॉट, उत्तर ८४ सेकंद. ग्रॅमचे किलो केले नाहीत तर उत्तर ८४,००० सेकंद येतं, म्हणजे एक कप चहासाठी २३ तास. उत्तर लिहिल्यावर 'हे खरंच होईल का?' असं स्वतःला विचारायची सवय लावा, दरवेळी. सूत्रात टाकण्याआधी सगळे आकडे किलो, मीटर, सेकंदांत बदलून एका ओळीत लिहून घेतले की ही चूक जवळजवळ संपते.

डिस्क्राइब आणि एक्सप्लेन यांतला फरकही घोटून घ्या. ग्राफ डिस्क्राइब करा म्हटलं तर रेघ काय करते ते आकड्यांसह सांगायचं. एक्सप्लेन म्हटलं तर कारण. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लिहिलं की कितीही सुंदर असो, मार्क मिळत नाहीत.

बर्कशायरची_आई

खूप आभार दोघांचे. लाल शाईची युक्ती आजपासूनच सुरू करते. इंग्लिशचं कुणी सांगेल का? लिटरेचरची तर पुस्तकं परीक्षेत नेता येत नाहीत म्हणे.

अक्षरवाट

बरोबर ऐकलंत, लिटरेचर क्लोज्ड बुक आहे. पण पानंच्या पानं पाठ करायची गरज नाही. तीन ते पाच शब्दांचे छोटे कोट्स निवडा, एकेका मुख्य पात्रासाठी आठ-दहा पुरेत. निवडताना असे घ्या की एकच कोट दोन-तीन विषयांना चालेल. सत्ता आणि अपराधभाव दोन्हींवर बोलता येईल असा एक कोट, फक्त एकाच प्रसंगाला लागू होणाऱ्या पाचांपेक्षा कामाचा. शेक्सपियरच्या प्रश्नात उतारा छापलेला असतो, पण उत्तर संपूर्ण नाटकावर द्यायचं असतं. बरीच मुलं उताऱ्यातच अडकून पडतात. कवितांचंही तसंच: नेमलेल्या १५पैकी एक छापलेली, तुलनेची दुसरी आठवणीतून. सगळ्या १५ सारख्या करण्यापेक्षा प्रत्येक कवितेची जोडी आधीच ठरवून ठेवलेली बरी.

इथे तुमची मदत खूप होईल. कोट्सची कार्डं तुमच्या हातात घ्या आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: कोण म्हणतं, कधी म्हणतं, यातल्या कोणत्या एका शब्दावर तू लिहिशील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर तो कोट अजून तयार नाही. पुस्तक तुम्ही वाचलेलं नसलं तरी हे जमतं.

लँग्वेजला दोन पेपर, प्रत्येकी पावणेदोन तास आणि ८० मार्क. त्यातले ४० मार्क एकट्या शेवटच्या लेखनाच्या प्रश्नाला. मुलं आठ मार्कांच्या प्रश्नावर वीस-वीस मिनिटं घालवतात आणि लेखनाला पंचवीस मिनिटं उरतात. ५ वरून ६ला जायचं असेल तर लेखनासाठी ४५ मिनिटं काही झालं तरी राखायची: पाच मिनिटं आराखडा, पस्तीस लेखन, पाच तपासणी. या ४०पैकी १६ मार्क शुद्धलेखन, विरामचिन्हं आणि वाक्यरचनेचे असतात. म्हणून पाच पानं लिहिण्यापेक्षा दोन पानं नीट लिहिलेली जास्त मार्क मिळवतात. तपासताना दोन गोष्टी शोधायच्या: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली आहेत का, आणि गोष्ट भूतकाळात सुरू होऊन मध्येच वर्तमानात शिरली का.

आपल्याकडे दहावीला निबंध पाठ करून जायची सवय आहे. इथे ते अंगाशी येतं. चित्र किंवा विषय वेगळा आला की पाठ केलेली गोष्ट ओढूनताणून बसवलेली दिसते आणि मार्क कमी होतात. त्यापेक्षा एक वादळ, एक गर्दीची जागा, एक रिकामी जागा अशा वर्णनांचे परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहून सुधारत राहा. त्यातली वाक्यं कुठेही वापरता येतात.

लीड्सवासी

अभ्यासाचं सगळं आलंय, मी बाकीचं सांगते, कारण नको तिथे मार्क जातात.

भारताची तिकिटं शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाची काढू नका. जूनच्या शेवटी एक कंटिन्जन्सी डे असतो, २०२५ला तो २५ जूनला होता. देशभर काही अडचण आली तर पेपर त्या दिवशी घेतात आणि मुलाने त्या दिवसापर्यंत उपलब्ध असणं अपेक्षित असतं. शाळेच्या टाइमटेबलवर तारीख छापलेली असते, ती पाहूनच बुकिंग करा.

परीक्षेच्या खोलीत कुठलंही घड्याळ चालत नाही, साधं काट्यांचंसुद्धा. तेव्हा घरचा सरावही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून करा. फोन बंद करून खिशात ठेवला तरी तो नियमभंग असतो आणि पेपर रद्द होऊ शकतो. पेन काळं, पाउच पारदर्शक, पाण्याच्या बाटलीचं लेबल काढलेलं, कॅल्क्युलेटरचं झाकण घरी. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे का हे आदल्या रात्री बघा.

मे-जूनमध्ये 'हे फिव्हर' (परागकणांची ॲलर्जी) जोरात असतो. मुलाला त्रास असेल तर फार्मासिस्टला विचारून गुंगी न आणणारी गोळी एप्रिलमध्येच सुरू करून बघा; नवीन औषध पेपरच्या सकाळी पहिल्यांदा देऊ नका.

पेपरच्या दिवशी आजारी पडला तर सकाळीच शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरला फोन करा आणि डॉक्टरचा कागद घ्या. योग्य कारणाने एखादा पेपर चुकला आणि त्या विषयाचा किमान २५ टक्के भाग दिलेला असला, तर शाळा स्पेशल कन्सिडरेशनसाठी (अडचण लक्षात घेऊन ग्रेड द्यावी यासाठी) अर्ज करू शकते. हा अर्ज पालकांना थेट करता येत नाही, म्हणून त्या ऑफिसरचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.