मदत हवी आहे : पुरात भिजलेल्या गाडीच्या दाराला पुन्हा पुन्हा फुगे येतायत, घरी दुरुस्त करून रंगवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, समा भागात राहते. गाडी बाबांची, २०१३ ची पांढरी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्याही वर गेली होती (धोक्याची पातळी २५ फूट). तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये सीटच्या उंचीपर्यंत पाणी होतं आणि ते उतरायला दीड दिवस लागला. इंजिन, वायरिंग, सीटा हे सगळं विम्यातून झालं. पत्र्याकडे मात्र तेव्हा कोणाचंच लक्ष गेलं नाही, आमचंही नाही. धुतल्यावर गाडी स्वच्छ दिसत होती, एवढ्यावर आम्ही समाधान मानलं.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला ड्रायव्हरच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला तीन-चार फुगे दिसले. साबुदाण्याएवढे, वरचा रंग शाबूत. मी ते खरवडले, पॉलिश पेपरने घासले, प्रायमर मारला, दुकानातून पांढऱ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणून तीन हात दिले. काम चांगलं झालं होतं, बाबांनाही जागा शोधावी लागत होती. पण पावसाळा सुरू झाला आणि महिन्याभरात फुगे परत आले. नेमके त्याच जागी, आता वाटाण्याएवढे, आणि पाऊस पडून गेला की त्यातल्या एकातून तपकिरी ओघळ येतो.

आणखी दोन जागा आहेत. त्याच दाराखालचा पायरीसारखा लांब भाग (याला इथे सगळे रनिंग बोर्ड म्हणतात), तिथे जॅक लावायच्या जागेजवळ रंग सालपटासारखा सुटलाय. आणि पुढच्या डाव्या मडगार्डला भिंतीचं घासलंय, पोचा आहे पण गंज नाही.

दोन गॅरेजमध्ये विचारून आले. दोघांनीही बाहेरून घासून, पुट्टी भरून, रंग मारून देतो म्हणून सांगितलं. मी विचारलं, दार आतून उघडून बघणार का? एकाने मान हलवली, दुसरा म्हणाला, "काट तो पाछो आवशे ज, बेन." गंज परत येणारच असेल तर अकरा हजार कशाचे द्यायचे, हे मला कळत नाही. बाबा निवृत्त आहेत, आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा याच गाडीने नेतात. गाडी बदलणं सध्या शक्य नाही, म्हणून ती अजून पाच-सहा वर्षं नीट टिकायला हवी आहे.

प्रश्न असे : माझं पहिलं काम का फसलं? यातलं काय घरी करावं आणि काय करू नये? आणि रंगासाठी डबा पुरेल की कंप्रेसर भाड्याने आणावा? मला वेळ आहे, हात चालतो, घाई नाही.

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

ताई, पंचवीस वर्षं डेंटिंगचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं काम वरून फसलं नाही, ते आतून फसलं. दार म्हणजे दोन पत्रे. बाहेरच्या पत्र्याची खालची कड आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते, शर्टाच्या खालच्या शिलाईसारखी. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच, प्रत्येक गाडीत जातं. ते खाली जाऊन बाहेर पडावं म्हणून कडेला छोटी भोकं ठेवलेली असतात. पुराचा गाळ त्या भोकांत बसला की दाराचं पोट म्हणजे हौद. गंज आतून सुरू होतो आणि पत्रा खात खात बाहेर येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला उचलतो. तुम्हाला फुगा दिसला तेव्हा आतलं काम बरंच झालेलं होतं.

बाहेरून काही करायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. फुग्यावर पेचकसाचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबा. टणक लागलं तर पत्रा आहे, कागदासारखं आत गेलं तर आरपार आहे. दुसरं, फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सगळ्या दारावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आधीच्या मालकाने पुट्टी भरलेली आहे. सेकंडहँड गाडीत हे हमखास सापडतं.

मग दाराचं आतलं पॅड काढा. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, हात टेकायच्या जागी एक-दोन, बाकी कडेने प्लास्टिकच्या पिना. काच हाताने फिरवायची असेल तर हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, जाड कापड मागे घालून ओढलं की सुटते. पॅडमागे काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असेल. तो फाडू नका, सावकाश सोडवा, परत तसाच लावायचाय. पॉवर विंडो असेल तर आधी बॅटरीची मायनस वायर काढा. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोजे घाला.

रनिंग बोर्डबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. तिथे पुट्टी नको, फायबर नको, घरगुती काहीच नको. आजच्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते आणि बाजूने धडक बसली तर तो पत्रा माणसाला वाचवतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, दुसरा मार्ग नाही. आणि ते होईपर्यंत त्या जागी जॅक लावू नका.

धागाकर्ती

दादा, तुमचे खूप आभार. रविवारी दार उघडलं.

चुंबक आधी फिरवलं. दाराच्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत ते धरतच नाही. म्हणजे आमच्याआधीच कोणीतरी तिथे पुट्टी थापलेली आहे.

पॅड सोडवायला तास गेला, तीन पिना तुटल्या. प्लास्टिकचा कागद अर्धा सोडवला आणि नदीचा वास आला. सव्वा वर्ष झालं, तरी तोच वास, पूर ओसरल्यावर जिन्यात येत होता तो. टॉर्च लावून पाहिलं तर खालच्या घडीत बोटभर जाडीचा गाळ, वर तडकलेला, खाली ओलसर. मुलतानी मातीसारखा मऊ. मधल्या भोकात कडुनिंबाची काडी आणि गाळ मिळून बूच बसलं होतं. सायकलची जुनी तार वाकवून ते काढलं. मग मग्गाने पाणी ओतत गेले, चौथ्या मग्ग्याला ते बाहेर नितळ यायला लागलं.

फुग्यांच्या जागी पेचकस दोन ठिकाणी आरपार गेला. एक भोक तुरीच्या दाण्याएवढं, दुसरं सुपारीएवढं. बाकीचा पत्रा टणक आहे. आई दारात खुर्ची टाकून बघत बसली होती. तिने एवढंच विचारलं, बाकीच्या तीन दारांतही असंच असेल का गं? ती पुढच्या रविवारी उघडणार आहे.

आता पुढे? सुपारीएवढ्या भोकाला पुट्टी चालेल का?

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

नुसती पुट्टी नाही चालणार. पॉलिएस्टर पुट्टी स्पंजासारखी पाणी धरते. भोकावर भरलीत तर आतल्या बाजूने ओल पिऊन वर्षात फुगेल. सुपारीएवढ्या भोकाला खरं उत्तर छोटं ठिगळ, टाक्या-टाक्याने वेल्ड केलेलं. बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, गॅस वेल्डिंगने तो लाटेसारखा वाकतो, म्हणून सीओटू वेल्डिंगवालाच (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने वेल्ड करणारा) गाठा. रनिंग बोर्डसाठी तो लागणारच आहे, त्याच फेरीत दारही करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवायला लावा आणि काचेवर ओलं गोणपाट टाकायला लावा. ठिणगी काचेत रुतली की डाग कायमचा राहतो.

त्यानंतरचं घरी करता येईल. गंज राहिलेल्या सुईएवढ्या खळग्यांसाठी फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण), मग ते धुऊन जागा अगदी कोरडी करायची. उघड्या पत्र्यावर लगेच, त्याच दिवशी, इपॉक्सी प्रायमर. बडोद्याच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी पिवळसर झालेला दिसेल. प्रायमर वाळला की हलका घासून त्यावर पुट्टी. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर. लवकर वाळावी म्हणून जास्त घालू नका, जादा हार्डनर नंतर वरच्या रंगात डाग होऊन उमटतो. एका वेळी लिंबाएवढीच कालवा, दहा मिनिटांत ती दगड होते.

घासताना ८० नंबरच्या पेपरने आकार द्यायचा, १८० ने सपाटी आणायची, ३२० ने ओरखडे काढायचे. लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांचे खड्डे पडतील आणि ते रंग मारल्यावरच दिसतील. आणि एक लक्षात ठेवा : उघड्या पुट्टीवर पाणी मारून घासायचं नाही. पाणीपेपर चालवायचा तो सरफेसर (पुट्टीवर, रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थर) मारून झाल्यावर, ६०० नंबरपासून पुढे.

मडगार्डचा पोचा आतून लाकडी ठोकळ्याने हळूहळू बाहेर काढा, मडगार्ड बोल्टांवर असतं, सुटं करून सतरंजीवर ठेवून काम सोपं जातं. पुट्टी जेवढी कमी तेवढं चांगलं.

प्रतिसाद (बडोदा, रावपुरा)

रंगाचं मी सांगतो, आमचं रंगाचं दुकान होतं.

तयार "पांढरा" डबा घेऊ नका, पांढऱ्यात असंख्य छटा असतात. गाडीच्या प्लेटवर कलर कोड छापलेला असतो, बॉनेट उघडून बघा. त्या कोडवरून दुकानदार रंग कालवून डब्यात भरून देतो. पण २०१३ ची गाडी उन्हाने पिवळसर झालेली असणार, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण सुटं करून सोबत न्या आणि त्याच्याशी जुळवून मागा. जुळवलेला रंग पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून, दिवसाउजेडी गाडीला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्या गाडीवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) आहे की नाही हे आधी ठरवा. काळ्या कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन एका कोपऱ्यात घासा. कापडावर गाडीचा पांढरा रंग उतरला तर वर क्लिअर नाही, साधा रंग पॉलिश करून भागेल. नाही उतरला तर क्लिअर आहे आणि तुम्हालाही मारावं लागेल.

टेप दाराच्या मधोमध लावून तिथे रंग तोडू नका, रेघ कायम दिसते. दाराला जी आडवी घडी किंवा पट्टी आहे तिथपर्यंत न्या. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, हात दाराच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. मुहूर्त म्हणाल तर आत्ताचा डिसेंबर उत्तम, हवा कोरडी आहे. उत्तरायणाच्या आठवड्यात मात्र नको, तो वारा पतंगाला चांगला, ओल्या रंगाला नाही. पावसाळ्यात तर डबा हातातच घेऊ नका, दमट हवेत रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो.

प्रतिसाद (बडोदा, मकरपुरा)

ताई, मी कारखान्यात सुरक्षेचं काम बघते, म्हणून एकच विषय, पण तो कृपया हलक्यात घेऊ नका.

कंप्रेसर आणून दोन भागांचा, म्हणजे हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा क्लिअर घरी मारू नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारलं की ते श्वासात जातं आणि त्यातून कायमचा दमा लागू शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की नंतर अगदी थोड्याशा वासानेही त्रास होतो. रुमाल, कापडी मास्क, धुळीचा मास्क यातलं काहीच ते अडवत नाही. बूथमधले (रंग मारायच्या बंदिस्त खोलीतले) जाणते पेंटर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात. तुमच्या घरी आजारी आई आहे, वर शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत.

पुट्टी घासताना धुळीचा चांगला मास्क आणि चष्मा. साधा डबा फवारतानाही काडतुसाचा (वाफ शोषणारं फिल्टर लावलेला) मास्क, मोकळी जागा, आणि जवळ गॅस किंवा देवघरातला दिवा नको.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचून बाबांशी बसून ठरवलं. वेल्डिंग सीओटूवाल्याकडे. गंज, प्रायमर, पुट्टी, घासकाम, सरफेसर घरी, मी करणार. काळं कापड घासून बघितलं, रंग उतरला नाही, म्हणजे क्लिअर आहे. त्यामुळे शेवटचा रंग आणि क्लिअर बूथवाल्याकडेच. एकाशी बोलणं झालंय. तयार केलेला पॅनेल घेऊन आलीस तर फक्त रंगाचे पैसे घेईन म्हणाला, आणि दार मी उघडलंय हे ऐकून गाळाचे फोटो मागून घेतले.

बाकीची तिन्ही दारं या रविवारी उघडली. पुढच्या दोन्हींत गाळ होता, पत्रा धडधाकट आहे. डाव्या मागच्यात नुकती सुरुवात झाली होती, आतून घडीत लाल पावडर. तिथे बाहेर अजून काहीच दिसत नाही. ते साफ करून, दोन दिवस उन्हात दार उघडं ठेवून, आता आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) मारणार आहे. पाणी बाहेर पडायची भोकं सोडून, हे लक्षात आहे.

एकच प्रश्न राहिला. ज्या दाराला वेल्डिंग होणार त्यात वॅक्स आधी मारलं तर पेटेल, म्हणून ते रंग झाल्यावर मारायचं ना? बूथमध्ये दार तापवतात, तेव्हा आत वॅक्स असलेलं चालत नाही असं मला वाटतंय.

प्रतिसाद (ग्वाल्हेरहून)

बरोबर. वेल्ड, रंग, आणि सगळ्यात शेवटी वॅक्स. वॅक्स रंगाच्या आधी मारलंत तर तापल्यावर घडीतून पाझरून बाहेर येईल आणि तिथे रंग धरणार नाही. वेल्डच्या मागच्या बाजूला मात्र ब्रशने इपॉक्सी लगेच लावा, पॅड काढलेलं आहे तोवर हात पोचतो.

धागाकर्ती

सोमवारी सकाळी गाडी वेल्डिंगला जाते आहे. आज चारही दारांच्या काचेवरून मग्गाभर पाणी सोडून बघितलं. तीन दारांतून लगेच धार आली. मागच्या उजव्याचं मागचं भोक थोडं थांबलं, तार परत घातली, मग तेही वाहिलं.