वेल्डिंग नको, कमानी खोचायच्या ठेवा
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री ताणायला पाईपच्या कमानी हौद्याला, म्हणजे माल भरायच्या भागाला, वेल्डिंग करून टाका, असं एकाने सुचवलंय. कमानी हव्यातच, नुसत्या दोरीवर ताणलेल्या ताडपत्रीला पावसाच्या पाण्याने पोट सुटतं. पण वेल्डिंग नको. आम्ही केलं होतं. शेतरस्त्याच्या दचक्यांनी दुसऱ्याच पावसाळ्यात सांधे तडकले आणि तिथूनच गंज धरला. आता हौद्याच्या आतून जाड पाईपाचे तुकडे नट-बोल्टने बसवलेत, कमानी त्यात नुसत्या खोचायच्या. कापूस भरायचा तर पाच मिनिटांत हौदा मोकळा.

आणि आमच्या रावेरकडच्यासारखी केळी नेणार असाल तर पुढून-मागून वीतभर फट ठेवाच. कापलेला घडही श्वास घेतो, उष्णता सोडतो. मे महिन्यात बंद ताडपत्रीखाली माल वाटेतच मऊ पडतो. घडांवर केळीची पानं अंथरा, ती तर फुकटचीच.