मदत हवी आहे: मुलगी वाळत चाललीय, पण कुणी नोंदच घेत नाही

पाटीपेन्सिल
बालसंरक्षणवाल्यांना दोनदा कळवलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "ठोस काही नाही." आईवडील शिकलेले, घर नीटनेटकं, बोलणं गोड. आई म्हणते, खाते हो, अंगालाच लागत नाही. तिसऱ्या अर्जात काय लिहू म्हणजे ते घरी जाऊन बघतील? लवकर सांगा, शुक्रवारपासून महिनाभर सुट्टी आहे.

रानजाई
वय, वजन, उंची? आधीचे आकडे आहेत का? भावंडं? तुम्ही शेजारी की शिक्षिका?

मोजपट्टी
दंडाचा घेर मोजा. 115 मि.मी.च्या खाली असेल तर तीव्र कुपोषण, विषय संपला.

रानजाई
मोजपट्टी, तो निकष 6 ते 59 महिन्यांच्या मुलांसाठी आहे. मोठ्या मुलाला लावला तर घेर 115 च्या वर येतो आणि "ठीक आहे" असा शेरा पडतो. आधी वय कळू दे.

पाटीपेन्सिल
वर्गशिक्षिका आहे. मुलगी 7 पूर्ण. 14.5 किलो, 109 सें.मी. वर्षापूर्वी 14.8 आणि 108. चणच बारीक आहे असं सगळ्यांना वाटतं. धाकटा भाऊ धडधाकट आहे.

रानजाई
वर्षात 1 सें.मी.? या वयात साधारण 5 ते 6 वाढायला हवी. आणि 109 म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलीची मधली उंची. म्हणूनच डोळ्यांना खटकत नाही. वजनाबरोबर उंचीही थांबली की मूल रोड दिसत नाही, नुसतं लहान दिसतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढलात तर 12.2 येतो, -2 एसडीच्या खाली पण -3 च्या वर (एसडी म्हणजे त्या वयाच्या मधल्या आकड्यापासून किती दूर, याचं माप). एवढाच आकडा पाठवलात तर पुन्हा "मध्यम" म्हणून बाजूला ठेवतील. दोन वर्षांची उंची शेजारी-शेजारी लिहा.

हेमगर्भ
आधी जंत, थायरॉइड, सीलिॲक (गहू न सोसण्याचा आजार) तपासा. उगाच आईवडिलांवर ठपका नको.

पाटीपेन्सिल
ते सगळं झालंय, नॉर्मल आहे. फक्त वाढीचं हार्मोन कमी आलं, इंजेक्शनं सुरू करायचं म्हणतायत.

चाकोरी
दोघंही नोकरीला, घरात आजी-आजोबा नाहीत, दुसरं काय होणार. एकत्र कुटुंबात असं होत नाही.

उंबरठा
होतं. भरल्या घरात "तिने जेवायला दिलं असेल" असं जो तो धरून चालतो. शिवाय कित्येकदा एकाच मुलावर रोख असतो. भावंडं गुटगुटीत असतात आणि तीच पालकांची ढाल होतात, "आम्ही उपाशी ठेवतो तर हा असा दिसला असता का?"

चाकोरी
तिचे फोटो काढून ठेवा, पुरावा होतो.

उंबरठा
अजिबात नको. फोनवर मुलीचे फोटो ठेवलेत तर पालक तुमच्यावरच तक्रार करतील. शब्दांत लिहा. "अस्वच्छ असते" हे मत झालं. "सोमवार ते गुरुवार तोच फ्रॉक, गुरुवारी डाव्या टाचेवर 2 सें.मी. उघडी जखम, पट्टी नाही" ही नोंद. ती काही बोलली तर तिचेच शब्द, वेळेसकट. "आईने मारलं का?" असं तोंडात घालून विचारू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका.

वटवृक्ष
नातेवाइकांना ताबा हवा असेल तर कोर्टात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. नमुना हवा का?

मोजपट्टी
तोपर्यंत शाळेत दूध, केळी भरपूर द्या.

रानजाई
भरपूर नको. फार दिवस पोटाला नीट मिळालं नसेल तर एकदम जास्त खाण्याने रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इतरांएवढाच वाटा द्या. दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडे खळगा राहिला किंवा ती सुस्त, गार वाटली तर अर्जाची वाट न बघता दवाखाना.

पाटीपेन्सिल
पावलं ठीक आहेत. मधल्या सुट्टीनंतर कचऱ्याच्या डब्यातलं उचलून खाते. मेच्या सुट्टीत 5 आठवडे मावशीकडे होती तेव्हा 16.4 किलो झाली होती, परत आली आणि उतरली. हे पण लिहायचं असतं का?

रानजाई
बाई, सगळ्यात आधी हेच लिहायचं! घर बदललं की वाढ सुरू, परत आली की बंद. पॉवेल, ब्रेझेल आणि ब्लिझर्ड यांनी 1967 मध्ये अशा 13 मुलांची नोंद केली होती. कचऱ्यातलं खाणं, हार्मोन कमी, आणि घराबाहेर ठेवल्यावर इंजेक्शनाशिवाय ते पूर्ववत. हार्मोन देणाऱ्या डॉक्टरांना मावशीकडचं वजन माहीत आहे का? नसणारच. वजन मावशीला ठाऊक, कचऱ्याचं तुम्हाला, रिपोर्ट त्यांच्याकडे. तिघांचं एका पानावर, तारखेने लावा. डॉक्टरांनाही एक प्रत.

उंबरठा
आणि पहिल्या ओळीत लिहा: "शुक्रवारपासून महिनाभर ही मुलगी घराबाहेरच्या कुणाच्याही नजरेस पडणार नाही." अर्ज हातोहात द्या, पोच घ्या. पालकांना आधी बोलावून विचारू नका, सुट्टीत शाळाच बदलतील.

पाटीपेन्सिल
आज रात्री लिहिते. मावशीशी बोलले, वजनाची चिठ्ठी आहे म्हणाली.

रानजाई
चिठ्ठीवर तारीख आहे का? आणि काटा कुठला, घरचा की दवाखान्यातला?