एलएम३१७ साठी ७२० ओहम कसे मिळवावेत?

प्रश्न:
एलएम३१७ (आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) वापरून ५ व्होल्टचा पुरवठा तयार करीत आहे. आउटपुट आणि ॲडजस्ट या पिनांमध्ये किटमधून आलेला २४० ओहमचा रेझिस्टर (आर१) लावला आहे. आउटपुट व्होल्टेज = १.२५ × (१ + आर२/आर१) या सूत्रानुसार ॲडजस्ट पिन आणि ग्राउंड यांमध्ये ७२० ओहम (आर२) हवेत. परंतु माझ्या दुकानदाराकडे ६८० नंतर थेट ८२० आहे. ८२० लावून पाहिला, तेव्हा मल्टिमीटरने ५.५६ व्होल्ट दाखवले. ६८० ला ३९ एकसर जोडल्यास ७१९ होतात, पण दोन्ही रेझिस्टर सोनेरी पट्टीचे, म्हणजे ५ टक्क्यांचे आहेत. मग एकूण फरक १० टक्क्यांवर जाईल का?

उत्तर १:
नाही, टक्क्यांची अशी बेरीज होत नाही. ६८० चे ५ टक्के म्हणजे ३४ ओहम आणि ३९ चे जेमतेम २. दोन्ही एकाच बाजूला चुकले तरी ७१९ मध्ये ३६ ओहमांचा, म्हणजे पुन्हा ५ टक्क्यांचाच फरक पडेल. खरी मेख वेगळीच आहे. जो रेझिस्टर स्वतःच ३४ ओहम इकडेतिकडे असू शकतो, त्याला न मोजता ३९ ची पुरवणी जोडणे हा अंदाजपंचे कारभार झाला.

मी तर ७२० चा हट्टच सोडेन. या सर्किटला ठरावीक ओहम नकोत, आर२ हा आर१ च्या तिप्पट हवा. म्हणून आर१ च्या जागी २२० लावा आणि आर२ साठी ३३० चे दोन (नारंगी, नारंगी, तपकिरी) एकसर जोडा. ६६० होतात, म्हणजे बरोबर तिप्पट. शिवाय सूत्रातले एलएम३१७ चे १.२५ व्होल्टही प्रत्यक्षात १.२० ते १.३० च्या दरम्यान कुठेही असू शकतात. एकट्या त्या कारणाने आउटपुट ४.८ ते ५.२ होऊ शकते, मग एका ओहमासाठी जीव कशाला टाकायचा?

उत्तर २:
सहमत. जोडल्यावर व्होल्टेज थोडे जास्त आले, तर ६६० च्या जोडीला समांतर ३३ किलोओहम लावा. गुणाकार भागिले बेरीज केल्यास ६४७ ओहम येतात आणि आउटपुट सुमारे ०.०७ व्होल्टने उतरते. कमी आले, तर १० ओहम एकसर घाला, तेवढ्याने ०.०६ च्या आसपास वाढते. रेझिस्टर मात्र सर्किटबाहेर काढूनच मोजा; बोर्डावर असताना त्याच्या समांतर असलेले इतर मार्गही मीटर मोजतो आणि आकडा बहुधा कमी दिसतो.

प्रश्नकर्ता:
२२० आणि ३३० ची जोडी लावली, तेव्हा ५.०९ व्होल्ट आले. ३३ किलोओहम समांतर टाकल्यावर ५.०२ झाले. ३९ ओहमचे पाकीट न फोडताच परत केले.