वाड्याचा ग्रुप: बॉस्टन ते शिकागो, सात मैदाने

आत्या: बंटी, तू मित्राबरोबर बॉस्टनहून शिकागोपर्यंत गाडीने जाऊन नऊ दिवसांत बेसबॉलची सात मैदाने पाहणार असल्याचे मला ताईच्या स्टेटसवरून कळले. आनंद वाटला. एवढी रजा मिळाली, याचा तर विशेष आनंद वाटला.

अण्णाकाका: सामना संपल्यावर रात्री गाडी चालवू नये.

बंटी: आत्या, मी आज सांगणारच होतो. अण्णाकाका, ज्या शहरात सामना, त्याच शहरात मुक्काम, असे आम्ही ठरवले आहे. खरी कसरत वेळापत्रकाची आहे, कारण प्रत्येक संघाचे हंगामात 162 सामने असले तरी त्यांतले निम्मेच घरच्या मैदानावर होतात. आपण पोहोचावे आणि संघ परगावी गेलेला असावा, असे सहज घडते.

भाऊकाका: तू भारतात येतोस तेव्हा आमचे असेच होते. 😄

ताई: भाऊकाका, आज तरी हा विषय नको.

भाऊकाका: बरे. पिट्सबर्ग वाटेत असेल तर अवश्य थांबा. 2008 मध्ये तिथल्या बेसबॉल संघाने रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या आपल्याकडच्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले होते.

अण्णाकाका: कोणी वाचलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा पाठवतो. सामना संपल्यावर रात्री गाडी चालवू नये.

बंटी: वाचले आहे, काका. मला सर्वांत ओढ आहे ती बॉस्टनच्या फेनवे पार्कची. 1912चे मैदान, डावीकडे 37 फूट उंचीची हिरवी भिंत, आणि काही आसनांसमोर चक्क खांब येतो, तरी लोक आवडीने तिथेच जातात. शिकागोचे रिग्ली फील्ड 1914चे. तिथल्या भिंतीवर वेली आहेत आणि चेंडू त्यांत अडकला, तर फलंदाजाला दोनच बेस, म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, मिळतात.

भाऊकाका: आपल्या वाड्यात चेंडू तुळशीत गेला की फलंदाज बाद असे. आमचा नियम अधिक कडक होता.

आत्या: तो वाडा गेल्या वर्षी पाडला, तेव्हा तुला चार दिवसांची रजा मिळाली नाही. परक्यांची शंभर वर्षांची भिंत पाहायला मात्र नऊ दिवस मिळाले. मी रागावलेली नाही, फक्त हिशेब मांडते आहे.

ताई: आत्या, सही करणाऱ्यांत आपण सगळेच होतो.

आत्या: मी शेवटी केली होती.

बंटी: आत्या, तुझे बरोबर आहे. न्यूयॉर्कचे 1923चे मैदानही पाडले. 2009पासून सामने त्याच्या शेजारच्या नव्या मैदानावर होतात आणि आम्ही तेच पाहणार आहोत. वाड्याचे पाडण्याआधीचे फोटो कोणाकडे असतील, तर पाठवावेत. वृंदावनाचा असला तर आधी तो.

भाऊकाका: वृंदावन माझ्या गच्चीवर आहे. उद्या उजेडात फोटो काढतो.

आत्या: मला कोणी सांगितले नाही.

अण्णाकाका: परतीचा प्रवाससुद्धा रात्री नको.