मदत हवी आहे: बुरशीने कॉफीतलं कॅफिन काढायचंय, पण ड्रम नुसता आंबतोय

मेळघाटी
तातडीचं आहे. कॉफीच्या चोथ्यातलं कॅफिन बुरशी खाऊन टाकते असं वाचलं. म्हणून २०० लिटरच्या निळ्या ड्रमात चोथा भरला, टेम्पेचं (सोयाबीन बुरशीने आंबवून करतात तो पदार्थ) विरजण मागवून कालवलं आणि झाकण घट्ट लावलं. आज आठवा दिवस. पांढरी बुरशी कुठेच नाही. वरच्या थरावर हिरवट-काळे ठिपके, खाली हात घातला तर गिचका आणि वास शिळ्या ताकाचा. बकऱ्या हुंगून मागे सरतात. काय चुकलं? 'गुगल करा' म्हणू नका, तिथूनच आलोय.

चहाबाज
रात्री झोप येत नाही का? मलाही हाच त्रास होता. रोबस्टा जातीची कॉफी सोडून अरेबिका धरा, त्यात कॅफिन साधारण निम्मं असतं. डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफीपण मिळते. ती पहिल्यांदा धंद्यासाठी काढली ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने, तीही बेंझिनसारखं विषारी रसायन वापरून! आता तसं करत नाहीत, घाबरू नका.

मेळघाटी
मी कॉफी पीत नाही. प्रश्न बकऱ्यांच्या चाऱ्याचा आहे, हा चोथा त्यांना घालायचाय.

कुंदा_७२
चोथा आणला कुठून? कॅफेतला असेल तर बरंचसं कॅफिन आधीच कपात गेलंय. उरलेलं गरम पाण्याने निघेल. कॅफिन गार पाण्यात लिटरला वीसेक ग्रॅम विरघळतं, उकळत्यात त्याच्या कितीतरी पट. बुरशीचा घाट कशाला?

मेळघाटी
कॅफे कुठला आलाय? चिखलदऱ्याला मामाची थोडी कॉफी आहे. ताजी फळं हातयंत्रातून काढली की बी एकीकडे पडते, लाल साल आणि गर दुसरीकडे. तोच. रोज तीन-चार टोपली निघतो.

कुंदा_७२
अहो, मग त्याला चोथा का म्हणता! आम्ही इथे फिल्टर कॉफी धरून बसलोय. माझा वरचा सल्ला रद्द.

प्रयोगशाळेतली_ताई
आता कुठे चित्र दिसलं. तीन गोष्टी सांगा: गर भरताना किती ओला होता, ड्रमला भोकं आहेत का, आणि बकऱ्या दुधाच्या की कटाईच्या?

मेळघाटी
यंत्रातून निघाला तसाच भरला. भोकं नाहीत, वास बाहेर यायला नको म्हणून. बकऱ्या दुधाच्या, घरीच पितो.

प्रयोगशाळेतली_ताई
मग बुरशी गुदमरली. ताज्या गरात जवळजवळ ८० टक्के पाणी, वर झाकण. टेम्पेच्या बुरशीला, म्हणजे रायझोपसला, हवा लागते. बंद ड्रमात जिवाणूंचं फावलं, आंबट वास त्यांचाच. तुम्ही मुरघास घातलाय.

ब्राझीलमध्ये कुरितिबाच्या विद्यापीठात काम झालंय, २००० साली छापून आलं. कॉफीच्या टरफलांवर रायझोपस वाढवली: ओलावा ६० टक्के, सामू ६. सहा दिवसांत ८७ टक्के कॅफिन गेलं, टॅनिनही बरंच उतरलं. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीने तर ९२ टक्के. पण तिथे निवडलेली जात होती आणि ओलाव्यावर लक्ष होतं. तुमच्या टेम्पेच्या विरजणातली रायझोपस तेवढंच काम करेल असं धरू नका.

आळंबीवाला
एवढं कशाला? धिंगरी अळिंबी लावा. मी चार वर्षं कॉफीच्या सालीवर काढतोय. साल उकळत्या पाण्यात तासभर, निथळवा, पिशवीत बियाणं. कॅफिनही कमी होतं, वर विकायला अळिंबी. बकऱ्यांना पिशवीतला उरलेला माल.

प्रयोगशाळेतली_ताई
धिंगरीच्या फळातही थोडं कॅफिन उतरतं, हे ग्राहकाला सांगता का?

आळंबीवाला
कपभर चहात त्याहून जास्त जातं. एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही. तुमच्या लॅबमध्ये बसून शेती होत नाही.

प्रयोगशाळेतली_ताई
शेतात बसून अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विषही दिसत नाही. मेळघाटी, ते हिरवट ठिपके अ‍ॅस्परजिलसचे असू शकतात. त्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन करतात, काही ऑक्राटॉक्सिन, तेही विषच. अफ्लाटॉक्सिन खाल्लं तर दुधात एम-१ या रूपात उतरतं. आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. हा ड्रम बकऱ्यांना नको म्हणजे नको.

शिवाय बुरशी कॅफिनच्या रेणूतला एक तुकडा (मिथाइल गट) काढते तेव्हा बऱ्याचदा थिओफिलिन होतं, तेच दम्याचं औषध. काम अर्ध्यावर थांबलं तर कॅफिन गेलं, थिओफिलिन राहिलं. जिभेला कडू लागेना म्हणून सुरक्षित, असं नसतं. तपासणी एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असलेल्या लॅबमध्येच.

घाटमाथ्यावरून
कर्नाटकात सकलेशपूरला कॉफीच्या मळ्यावर मुनीम आहे. इथे साल शेणासोबत थरावर थर लावून खत करतात, पाच-सहा महिन्यांत पुन्हा झाडांच्या बुंध्याशी. ग्वाटेमालाच्या इन्काप या पोषण संस्थेनं १९७९च्या पुस्तकात हा गर जनावरांना खुराकाच्या २० टक्क्यांच्या वर देऊ नका असंच सांगितलंय. जनावर कमी खातं, जास्त मुततं. आणि सालीचं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. विचारायचंच तर बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राला विचारा, १९२५पासूनचं आहे.

चहाबाज
चिखलदऱ्याला कॉफी होते? डिसेंबरात जातोय आम्ही, सहा जण. कुठे राहावं?

मेळघाटी
राहायचं नंतर. ताई, परत करायचं तर कसं?

प्रयोगशाळेतली_ताई
गर ताडपत्रीवर दिवसभर पसरून कोमेजू द्या. तुमच्याकडे तुरीचं कुटार असेल, त्यात कालवा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, बोटांतून थेंब पडू नये. गर आंबट असतो, चिमूटभर चुना चालेल. मग ट्रेमध्ये चार बोटं थर, वर ओला पंचा. चिखलदऱ्याच्या थंडीत बाहेर ठेवू नका, चुलीजवळच्या खोलीत ठेवा. दोन दिवसांत पांढरा कापूस धरला पाहिजे. हिरवं-काळं दिसलं तर खड्ड्यात. कॅफिन किती गेलं ते लॅबच सांगेल, तोवर दुधाच्या बकरीला नाही.

आळंबीवाला
त्यापेक्षा धिंगरी.

मेळघाटी
ड्रम उकिरड्याच्या खड्ड्यात ओतला. मामा म्हणाला, एवढ्या खटपटीपेक्षा सरकीची ढेप स्वस्त पडेल. दोन ट्रे चुलीजवळ ठेवलेत. पंच्यावरून बायको बोलतेय.